सिलिंडरवरची तारीख

(स्वयंपाकाच्या गॅसचा सिलिंडर आपण रोज पाहतो, पण त्यावर लिहिलेली अक्षरे आणि आकडे क्वचितच वाचतो. सिलिंडरची ठरावीक काळाने तपासणी का करतात, ती कशी करतात आणि त्यात आपली जबाबदारी कोणती, हे लेखकाने या पाठात स्वतःच्या अनुभवासह सांगितले आहे.)

मुलांनो, आज घरी गेलात की एक काम करा. स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरजवळ उभे राहा. त्याला हलवू नका. फक्त नीट पाहा.

सिलिंडरच्या डोक्यावर एक गोल कडे असते. ते धरूनच सिलिंडर उचलतात. हे कडे आणि सिलिंडरचे पोट यांना जोडणाऱ्या तीन उभ्या लोखंडी पट्ट्या असतात. त्यांपैकी एका पट्टीच्या आतल्या बाजूला ए, बी, सी, डी यांपैकी एखादे इंग्रजी अक्षर रंगवलेले दिसेल. त्याच्यापुढे दोन अंक असतील. तुम्ही हे अक्षर याआधी कधी वाचले होते का? बहुतेकांचे उत्तर 'नाही' असेच येईल. माझेही उत्तर अनेक वर्षे तेच होते. मी ते वाचायला केव्हा आणि कसा शिकलो, ते आधी सांगतो.

२०१९ सालचा मे महिना होता. रमजान चालू होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास अम्मी सहरीसाठी उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. आतून गॅसचा उग्र वास येत होता. तिचा हात दिव्याच्या बटणाकडे गेलाच होता. एवढ्यात मी मागून ओरडलो, "अम्मी, बटणाला हात लावू नका!"

मी अंधारातच खिडकी आणि मागचे दार उघडले. शेगडीची बटणे बंद होती. रेग्युलेटरही बंद केला. तरी वास थांबेना. मोरीजवळच्या कोपऱ्यात दुसरा, भरलेला सिलिंडर उभा होता. तो पंधरा दिवसांपूर्वीच आला होता आणि त्याचे टोपणही अजून काढलेले नव्हते. मी कान दिला, तर त्याच्या तळाकडून बारीक 'सूं' असा आवाज येत होता. तळाजवळ पांढरे हिवासारखे काही साचले होते.

घरातील सर्वांना आम्ही बाहेर काढले. शेजाऱ्यांना हाका मारून त्यांच्या शेगड्या विझवायला सांगितले. शेजारचे चाचा मदतीला धावून आले. आम्ही दोघांनी वरचे कडे धरून तो सिलिंडर उभाच उचलला आणि गटारापासून दूर, मोकळ्या मैदानात नेऊन ठेवला. मग घरापासून लांब जाऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी केला. सहरी त्या दिवशी खजूर आणि पाण्यावरच झाली.

उजाडता उजाडता कामगार आला. त्याने सिलिंडर वाकवून तळ पाहिला. खालच्या कड्याजवळ गंजाने पापुद्रे सुटले होते आणि त्यातच सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. मग त्याने वरच्या पट्टीवर बोट ठेवले आणि मला विचारले, "सर, हे वाचलं होतं का?"

पट्टीवर 'डी-१८' असे लिहिले होते.

"म्हणजे डिसेंबर २०१८," तो म्हणाला. "मुदत संपून चार महिने उलटून गेले. हा भरायला जायलाच नको होता, तपासणीला जायला हवा होता."

तो सिलिंडर ज्या वितरकाने पाठवला त्याची चूक होतीच. त्याआधी भरणाऱ्यांच्या नजरेतूनही तो निसटला होता. पण मी शिकलेला माणूस. रोज वर्गात मुलांना 'नीट वाचा' असे सांगतो. माझ्या घरात पंधरा दिवस उभा असलेला सिलिंडर मात्र मी वाचला नव्हता. त्या दिवसापासून मी या विषयाची माहिती मिळवू लागलो. तीच आज तुम्हांला सांगणार आहे.

अक्षर आणि अंक

प्रथम ते अक्षर वाचायला शिकू या. वर्षाचे बारा महिने असतात. त्यांचे तीन-तीन महिन्यांचे चार भाग केले आहेत. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' म्हणजे एप्रिल ते जून, 'सी' म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि 'डी' म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. अक्षरापुढचे दोन अंक वर्ष दाखवतात. समजा, सिलिंडरवर 'बी-२८' असे लिहिले आहे. याचा अर्थ त्या सिलिंडरची मुदत जून २०२८ च्या अखेरपर्यंत आहे. 'सी-३०' असेल, तर सप्टेंबर २०३० च्या अखेरपर्यंत.

आता एक प्रश्न. ही मुदत कशाची? पुष्कळ लोक म्हणतात, "गॅसची." औषधाच्या बाटलीवर जशी तारीख असते तशीच ही, असे त्यांना वाटते. पण ते बरोबर नाही. सिलिंडरमधला गॅस दुधासारखा नासत नाही किंवा औषधासारखा निकामी होत नाही. ही मुदत आहे सिलिंडरची, म्हणजे त्याच्या पोलादाची. त्या तारखेपर्यंत सिलिंडरची पुन्हा तपासणी झाली पाहिजे, असे ती तारीख सांगते.

नवा सिलिंडर कारखान्यातून बाहेर पडला की त्याची पहिली मोठी तपासणी १० वर्षांनी होते. त्यानंतर ती दर ५ वर्षांनी करावी लागते. तपासणीत सिलिंडर उत्तीर्ण झाला, तर त्याच्यावर पुढची तारीख रंगवतात. नापास झाला, तर त्याचे आयुष्य तिथेच संपते.

पोलादाला तपासणी कशासाठी?

लोखंडी वस्तू एवढी मजबूत असते, मग तिला परीक्षा कशासाठी, असे तुम्ही विचाराल. हे समजण्यासाठी सिलिंडरच्या आत काय असते ते पाहू.

स्वयंपाकाचा गॅस हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन या दोन वायूंचे मिश्रण आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो आणि ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास. म्हणजे आपल्या हवामानात हे दोन्ही पदार्थ वायुरूपातच राहू पाहतात. त्यांना दाबाखाली कोंडले की त्यांचे द्रव होते. सिलिंडर हलवला की आत पाण्यासारखे काहीतरी डचमळते, ते हेच द्रव. द्रव केल्यामुळे गॅस फार थोड्या जागेत मावतो. तेच द्रव बाहेर पडून वायू झाले, तर सुमारे अडीचशे पट जागा व्यापते. म्हणून सुईच्या टोकाएवढे छिद्रसुद्धा लहान समजायचे नाही.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस भरतात. तो काठोकाठ भरत नाहीत. उष्णतेने द्रव फुगते, त्याला वर थोडी जागा लागते. आपल्याकडील हवामानात या सिलिंडरच्या आत दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ ते ८ किलोग्रॅम दाब असतो. मालमोटारीच्या चाकात हवेचा जेवढा दाब असतो, जवळजवळ तेवढाच. हा दाब रात्रंदिवस आतून पोलादाला ढकलत असतो. आणि त्या पोलादाची जाडी किती? ३ मिलिमीटरपेक्षाही कमी.

नव्या सिलिंडरला हा दाब सहज पेलतो. पण सिलिंडरचे आयुष्य काही सुखाचे नसते. तो मालमोटारीत चढतो, उतरतो, रस्त्यावर आपटतो, गल्लीतून गडगडत जातो. त्याला पोचे पडतात. आपल्या घरी तो मोरीजवळ ओल्या फरशीवर उभा राहतो. तळाच्या कड्यात पाणी साचते, रंग निघतो, गंज चढतो. गंज म्हणजे लोखंडाचेच झिजणे. पोलाद हळूहळू पातळ होत जाते आणि वरून रंग दिल्यावर ते डोळ्यांना दिसतही नाही. माझ्या घरातल्या सिलिंडरचे हेच झाले होते. छिद्र एका रात्रीत पडले नव्हते, त्याची तयारी काही वर्षे चालू होती. तपासणी वेळेवर झाली असती, तर हा गंज आधीच पकडला गेला असता.

तपासणी कशी होते?

पुढे एकदा परवानगी काढून आम्ही काही शिक्षक गॅस भरण्याचे केंद्र पाहायला गेलो. फाटकावरच आमच्याकडील काड्यापेट्या आणि मोबाइल काढून घेतले. आत रिकामे सिलिंडर एका फिरत्या साखळीवरून रांगेने पुढे सरकत होते. साखळीच्या बाजूला कामगार उभे होते. प्रत्येक सिलिंडरवर ते नजर टाकत. मुदत संपत आलेली, मोठा पोचा पडलेला, खालचे कडे वाकलेले किंवा गंजलेले सिलिंडर ते रांगेतून बाजूला काढत. बाजूला काढलेले सिलिंडर तपासणीच्या विभागात जात.

तिथे पहिले काम म्हणजे सिलिंडर खरोखर रिकामा करणे. आपल्याला रिकामा वाटणारा सिलिंडरसुद्धा थोडा गॅस बाळगून असतो. तो काढून घेतात आणि आतला भाग पाण्याने किंवा वाफेने धुऊन निर्धोक करतात. त्यानंतर व्हॉल्व्ह काढतात.

मग येते डोळ्यांची परीक्षा. तपासनीस सिलिंडर फिरवून बाहेरून पाहतो. कुठे पोचा आहे, कुठे चर पडली आहे, कुठे आगीने रंग जळाला आहे, हे तो शोधतो. घरगुती सिलिंडर दोन भाग मधोमध जोडून बनवतात. त्या सांध्यावरून तो बारकाईने नजर फिरवतो. व्हॉल्व्हच्या भोकातून आत दिवा सोडून आतली बाजूही पाहतात.

त्यानंतर वजन. सिलिंडरवर त्याचे रिकामे वजन कोरलेले असते. तपासणीच्या वेळी तो पुन्हा काट्यावर ठेवतात. वजन कमी भरले, तर पोलाद गंजून झिजले असे समजायचे. मूळ वजनाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त घट आली, तर तो सिलिंडर बाद होतो. १६ किलोग्रॅमच्या सिलिंडरने ८०० ग्रॅमपेक्षा अधिक वजन गमावले, तर त्याला पुन्हा कामावर घेत नाहीत.

यानंतर मुख्य परीक्षा होते. सिलिंडर पाण्याने पूर्ण भरतात आणि पंपाने पाण्याचा दाब वाढवत नेतात. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोग्रॅमपर्यंत चढवतात. घरात त्याला जेवढा दाब सोसावा लागतो, त्याच्या तिपटीहून हा अधिक आहे. दाब कमीत कमी अर्धा मिनिट तसाच ठेवतात. या वेळात काट्याची सुई खाली येता कामा नये. सिलिंडरच्या अंगावर कुठे घाम फुटल्यासारखा थेंब दिसता कामा नये. तो कुठे फुगता कामा नये.

इथे आमच्यातील एका शिक्षकांनी विचारले, "पाणीच का? हवा भरून का पाहत नाहीत?" तिथल्या तपासनिसांनी फार सोपे उत्तर दिले. ते म्हणाले, "गुरुजी, एक फुगा हवेने भरा आणि एक पाण्याने. दोन्हींना टाचणी लावा."

तुम्हीही हे करून पाहा. हवेचा फुगा मोठ्याने फुटतो आणि त्याच्या चिंध्या उडतात. पाण्याचा फुगा फक्त फाटतो आणि पाणी खाली सांडते. हवा दाबली की ती स्प्रिंगसारखी आखडून बसते आणि सुटली की उसळते. पाणी मात्र जवळजवळ दबतच नाही, म्हणून त्यात ती उसळी साठत नाही. दाबाने कच्चा सिलिंडर फाटलाच, तर पाणी बाहेर येईल आणि दाब लगेच उतरेल. तपासणाऱ्याचा जीव धोक्यात पडणार नाही.

परीक्षेत उतरलेल्या सिलिंडरचा जुना रंग आणि गंज खरवडून काढतात, त्याला आतून कोरडा करतात आणि नवा लाल रंग देतात. व्हॉल्व्ह बसवून पुन्हा एकदा गळती पाहतात. या वेळी मात्र आत कमी दाबाची हवा भरून सिलिंडर पाण्यात बुडवतात. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर काढणारा जसे बुडबुडे पाहतो, तसेच. शेवटी आतली हवा काढून घेतात. हवा आणि गॅस एकत्र आले, तर धोका संभवतो. मग त्या पट्टीवर नवे अक्षर आणि नवे अंक रंगवतात.

आणि जो सिलिंडर नापास होतो त्याचे काय? तो भंगारवाल्याला तसाच देता येत नाही. कायद्याप्रमाणे त्याला चेपून सपाट करावे लागते किंवा पुन्हा जोडता येणार नाहीत असे त्याचे तुकडे करावे लागतात. कोणी वरवर रंग देऊन तो परत बाजारात आणू नये, म्हणून ही काळजी घेतली आहे.

हे सारे गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे चालते. सिलिंडर तपासणारी केंद्रे कोणालाही उघडता येत नाहीत. त्यांना 'पेसो' म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संस्थेची मान्यता लागते. देशभर काम पाहणाऱ्या या संस्थेचे मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे.

दारात उभे राहून पाच गोष्टी

एवढी कडक व्यवस्था असूनही एखादा सिलिंडर नजरेतून निसटतो. केंद्रातला कामगार रोज असंख्य सिलिंडर पाहतो. आपल्याला मात्र एकच पाहायचा असतो. म्हणून शेवटची नजर आपली असली पाहिजे. सिलिंडर दारात आला की पाच गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे टोपण. व्हॉल्व्हवर टोपण आणि त्याचे सील शाबूत आहे का?

दुसरी गोष्ट तारीख. पट्टीवरची मुदत अजून शिल्लक आहे का? संपली असेल, तर सिलिंडर घेऊ नका आणि दुसरा मागा.

तिसरी गोष्ट अंग. मोठा पोचा, खोल गंज किंवा वाकलेले खालचे कडे दिसते का? तळ पाहायला विसरू नका.

चौथी गोष्ट वजन. सिलिंडरवर लिहिलेल्या रिकाम्या वजनात १४.२ मिळवा. रिकामे वजन १५.६ किलोग्रॅम असेल, तर भरलेला सिलिंडर २९.८ किलोग्रॅम भरला पाहिजे. सिलिंडर आणणाऱ्याकडे काटा असतो. त्याच्यासमोरच वजन करून घ्या.

पाचवी गोष्ट गळती. टोपण काढून व्हॉल्व्हच्या आत काळी रबरी कडी आहे ना, हे मोठ्या माणसाला पाहायला सांगा. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी लावले की गळती असल्यास बुडबुडे येतात. गळती पाहण्यासाठी काडी कधीही ओढू नका. या एका चुकीने अनेक घरांचे नुकसान झाले आहे.

हे सर्व करायला पाच मिनिटेसुद्धा लागत नाहीत. सिलिंडर आणणारा माणूस तीस किलोचे ओझे खांद्यावर घेऊन जिने चढतो, हेही ध्यानात ठेवा. त्याच्यावर ओरडू नका. "भाऊ, जरा तारीख पाहू द्या," असे नम्रपणे म्हणा. त्याला आधी पाणी द्या. पण तारीख पाहिल्याशिवाय पावतीवर सही करू नका.

तारीख, मुदत, वजन, हक्क हे शब्द तुमच्या उर्दूतही आहेत आणि मराठीतही आहेत. त्यांचे अर्थ तुम्हांला नव्याने शिकवावे लागत नाहीत. वजन पाहणे आणि मुदत संपलेला सिलिंडर परत करणे हा ग्राहकाचा हक्क आहे. कोणी "चालतंय हो" म्हणाले, तरी तो सोडू नका.

गळती झालीच तर

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणून तो वास म्हणजे आपल्याला मिळालेला इशाराच समजा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जाऊन विरत नाही, तर जमिनीलगत पसरतो आणि मोरीत, गटारात, पलंगाखाली साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले, तरी एका ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. विजेचे बटण चालू किंवा बंद करताना अशी ठिणगी पडते. अम्मीचा हात मी का अडवला, ते आता तुमच्या लक्षात आले असेल.

वास आला तर बटणांना हात लावू नका. पंखाही लावू नका. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा. खिडक्या-दारे उघडा. घरात निरांजन, उदबत्ती, चूल असेल तर विझवा. सर्वांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावरच १९०६ ला कळवा. हे काम मोठ्यांचे आहे. तुमचे काम त्यांना लगेच उठवणे आणि लहान भावंडांना बाहेर नेणे.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवा, ओलीपासून दूर ठेवा आणि हवा खेळेल अशा जागी ठेवा. शेगडीची रबरी नळीसुद्धा कायमची नसते. तिच्यावरही मुदत छापलेली असते, तीही वाचा.

मुलांनो, तो गंजलेला सिलिंडर कामगार घेऊन गेला. त्याच दिवशी दुपारी बदली सिलिंडर आला. मी तारीख पाहायला वाकलो, तर अम्मी माझ्या आधीच खाली बसून पट्टीवर बोट फिरवत होती. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मला विचारले, "हे कोणतं अक्षर?" मी सांगितले. तिने चारही अक्षरे त्याच दिवशी पाठ केली. आजही घरात सिलिंडर आला की सर्वांत आधी तारीख पाहते ती अम्मीच.

आज संध्याकाळी तुमच्या घरच्यांनाही ही चार अक्षरे शिकवा.

शब्दार्थ

मुदत : ठरवून दिलेला काळ
वितरक : माल ग्राहकांपर्यंत पोहोचवणारा अधिकृत व्यापारी
पोचा : आपटल्यामुळे पडलेला खळगा
सांधा : दोन भाग जोडल्याची जागा
निर्धोक : ज्यात धोका नाही असा
बाद होणे : वापरण्यास अयोग्य ठरणे
शाबूत : न मोडलेले, जसेच्या तसे
निसटणे : नजरेतून किंवा हातातून सुटून जाणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सिलिंडरवरची तारीख कोठे रंगवलेली असते?
(आ) 'ए-२९' याचा अर्थ काय?
(इ) नव्या सिलिंडरची पहिली तपासणी किती वर्षांनी होते?
(ई) पेसोचे मुख्यालय कोठे आहे?

प्र. २. कारणे द्या.
(अ) सिलिंडरची दाबाची परीक्षा पाण्याने घेतात.
(आ) बाद झालेल्या सिलिंडरचे तुकडे करतात.
(इ) गॅसचा वास आल्यावर विजेच्या बटणाला हात लावू नये.

प्र. ३. एका सिलिंडरचे रिकामे वजन १५.९ किलोग्रॅम आहे. भरल्यावर त्याचे वजन किती असले पाहिजे?

प्र. ४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा.
मुदत, शाबूत, निसटणे, जबाबदारी

प्र. ५. 'चालतंय हो' असे म्हणण्याची सवय का घातक आहे? पाच-सहा वाक्यांत लिहा.

उपक्रम : मोठ्या माणसाला बरोबर घेऊन आपल्या घरातील सिलिंडरची तारीख, रिकामे वजन आणि रबरी नळीची मुदत वहीत लिहून आणा. वर्गात सर्वांच्या नोंदी फळ्यावर मांडा. कोणत्या घरातील मुदत सर्वांत आधी संपते, ते शोधा.